अन्ननलिकेचे दुर्मिळ कॅन्सर होतात कसे?

प्रश्न : वडिलांचं वय 61, शेती करतात. तंबाखू, मिश्री, दारू यांतलं काहीच नाही. दोन-अडीच महिन्यांपासून घास अडकायला लागला. आधी भाकरी, मग भातही. दुर्बिणीने तपासणी झाली, तुकडा काढला. रिपोर्टमध्ये 'स्मॉल सेल न्यूरोएंडोक्राइन कार्सिनोमा' असं आलंय. डॉक्टर म्हणतात, अन्ननलिकेत हा प्रकार दुर्मिळ आहे, ऑपरेशन नको, आधी केमो. आमच्या नात्यातल्या एकांचं अन्ननलिकेच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं होतं आणि ते आज बरे आहेत. मग वडिलांचं का नाही? हा प्रकार होतो कसा, असे दुर्मिळ प्रकार आणखी कोणते, आणि आम्हा भावंडांना धोका आहे का?

उत्तर : तुमची सगळ्यात मोठी शंका ऑपरेशनची आहे, म्हणून आधी तिचं उत्तर देते. डॉक्टरांनी ऑपरेशन बाजूला ठेवलं ते योग्यच केलं. तुमच्या नातेवाइकांचा आजार आणि वडिलांचा आजार एकाच नळीत झाले, एवढंच त्यांच्यात सारखं आहे. ज्या पेशींपासून ते उगवले त्या वेगळ्या, वाढायची रीत वेगळी, पसरायचा वेग वेगळा आणि ज्या औषधांना ते दबतात ती औषधंही वेगळी.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. गेली सव्वीस वर्षं पोट आणि आतड्याचे तुकडे मायक्रोस्कोपखाली बघते. पेशंट मला क्वचितच भेटतो, त्याच्या अन्ननलिकेचा दोन-तीन मिलिमीटरचा तुकडा भेटतो. त्या तुकड्याला मी जे नाव देते त्यावर पुढचं सगळं ठरतं, म्हणून हे नाव कुठून येतं ते जरा सविस्तर सांगते.

अन्ननलिका साधारण 25 सेंटीमीटर लांब असते. बाहेरून ती नुसती नळी वाटते, पण तिची भिंत आडवी कापून काचेवर घेतली की थरावर थर दिसतात. सगळ्यात आत, जिथे घास घासतो, तिथे चपट्या पेशींचं जाड अस्तर असतं. कांद्याच्या पापुद्र्यांसारख्या एकावर एक बसलेल्या पेशी. वरच्या झिजतात, गळून पडतात आणि तळाच्या रांगेतल्या पेशी विभागून नवा माल पुरवत राहतात. या तळाच्या रांगेतच अगदी तुरळक न्यूरोएंडोक्राइन पेशी असतात, म्हणजे मज्जातंतूंच्या पेशींसारखी काही लक्षणं आणि संप्रेरकं बनवायची क्षमता असलेल्या पेशी. काही लोकांत इथे रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशीही सापडतात. अस्तराखाली बुळबुळीत स्राव सोडणाऱ्या बारीक ग्रंथी असतात, लाळग्रंथींच्या चुलत बहिणीच म्हणा. त्याखाली स्नायू, स्नायूंच्या मधून नसांचं जाळं, रक्तवाहिन्या, लसीकावाहिन्या. या प्रत्येक प्रकारच्या पेशीतून कॅन्सर होऊ शकतो. फक्त अस्तराच्या पेशी सर्वांत जास्त झिजतात आणि सर्वांत जास्त विभागतात, म्हणून त्यांचा कॅन्सर रोजचा आणि बाकीच्यांचा क्वचितचा.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून ठेवते. पोटातल्या अवयवांना बाहेरून जे गुळगुळीत वेष्टन असतं, ते अन्ननलिकेला बहुतेक लांबीभर नसतंच. शिवाय तिच्या लसीकावाहिन्या आतल्या अस्तराच्या अगदी जवळून उभ्या धावतात. त्यामुळे इथला कोणताही कॅन्सर लवकर शेजारी सरकतो आणि लवकर लसीकागाठींत (लिम्फ नोडमध्ये) जातो.

रोजचे प्रकार दोन. चपट्या पेशींचा स्क्वॅमस कॅन्सर आणि ग्रंथीसारख्या पेशींचा ॲडेनोकार्सिनोमा. अन्ननलिकेतले शंभरातले पंच्याण्णवहून अधिक कॅन्सर या दोघांपैकी एक असतात. आपल्याकडे पहिला कितीतरी जास्त: तंबाखू, मिश्री, सुपारी, विडी, दारू. दुसरा खालच्या टोकाला होतो, वर्षानुवर्षं आम्ल वर येऊन अस्तराचं रूपच पालटलेलं असतं तिथे. तुमच्या नातेवाइकांना बहुधा या दोघांतला एक असावा. गाठ पसरलेली नसेल तर केमो-रेडिएशन किंवा केमो देऊन मग ऑपरेशन, ही या दोन प्रकारांसाठी पक्की झालेली वाट आहे. ज्या मोठ्या चाचण्यांवर ती उभी आहे, त्यांत हेच दोन प्रकार घेतले होते. वडिलांचा प्रकार त्यांत नव्हता.

आता वडिलांकडे येऊ.

स्मॉल सेल म्हटलं की डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर आधी फुप्फुस येतं, कारण हा मूळचा तिथला प्रसिद्ध आजार. अन्ननलिकेत तो होतो हे 1952 मध्ये मॅककोन या पॅथॉलॉजिस्टने शवविच्छेदनातल्या दोन रुग्णांवरून पहिल्यांदा नोंदवलं. अन्ननलिकेच्या शंभर कॅन्सरमध्ये असा एखाद-दुसराच. काचेवर तो लांबूनही ओळखू येतो. गुलाबी अस्तराच्या खाली एकदम गडद निळा पट्टा. लेन्स मोठी केली की ओल्या मटकीचे दाणे वाटीत दाबून बसवावेत तशी एकमेकांना चेपून बसलेली केंद्रकं दिसतात आणि भोवती पेशीद्रव जवळजवळ नसतोच. या पेशी इतक्या नाजूक असतात, की तुकडा काढताना चिमट्याने दाबल्या गेल्या तरी फुटतात आणि त्यांच्यातला डीएनए काचेवर निळी शाई फासल्यासारखा ओढला जातो. असा तुकडा वाचताना मला फार सांभाळावं लागतं, कारण लिम्फोमाच्या, म्हणजे लसीकापेशींच्या कॅन्सरच्या, पेशी दबल्या तरी असंच दिसतं आणि उपचार मात्र पार निराळे. म्हणून मार्कर, म्हणजे पेशी कोणत्या कुळातली ते रंगाने दाखवणाऱ्या चाचण्या, लावावे लागतात: सिनॅप्टोफायसिन, क्रोमोग्रॅनिन, सीडी 56. वडिलांच्या रिपोर्टमध्ये ही नावं आणि त्यांच्यापुढे 'पॉझिटिव्ह' लिहिलेलं आहे का, ते पाहा. केआय-67 नावाचा आकडाही असेल. शंभरातल्या किती पेशी या घडीला विभागायच्या तयारीत आहेत, ते तो सांगतो. स्मॉल सेलमध्ये तो बहुतेक वेळा 70 च्या वर असतो.

इथे नातेवाइकांचा एक गोंधळ नेहमी होतो. 'न्यूरोएंडोक्राइन' शब्द शोधला की स्टीव्ह जॉब्सचं नाव समोर येतं आणि हा आजार वर्षानुवर्षं सावकाश चालतो असं वाचायला मिळतं. ते न्यूरोएंडोक्राइन ट्यूमरबद्दल असतं, जॉब्स यांना स्वादुपिंडात झाला होता तसा. वडिलांच्या रिपोर्टवर 'कार्सिनोमा' हा शब्द आहे. तो त्याच कुळातला असला तरी स्वभावाने फार आक्रमक आहे. दोन्हींची तुलना करून धीर धरू नका आणि थांबूही नका.

तो होतो कसा? पूर्वी मानत, की तळाच्या रांगेतल्या त्या तुरळक न्यूरोएंडोक्राइन पेशीच बिघडतात. आता जास्त पटणारं स्पष्टीकरण असं, की सुरुवात तळाच्या एखाद्या मूळपेशीत होते, जिला अजून कोणतंही एक रूप ठरलेलं नसतं. याला आधार माझ्या टेबलावरच सापडतो. स्मॉल सेलचा मोठा तुकडा नीट चाळला की कधीकधी एका कोपऱ्यात साधा स्क्वॅमस कॅन्सरही भेटतो. एकाच गाठीत दोन्ही रूपं. प्रत्येक पेशीत विभाजन थांबवणारे दोन मोठे ब्रेक असतात, टीपी 53 आणि आरबी 1 नावाचे जीन. स्क्वॅमस कॅन्सरमध्ये पहिला बहुधा लवकरच निकामी होतो. स्मॉल सेलमध्ये साधारणपणे दोन्ही जातात. दुसरा ब्रेक गेला की पेशीचा वेग वाढतोच, शिवाय तिला आपण कोण याचाही विसर पडतो आणि ती मज्जातंतूच्या पेशीच्या वळणाने जायला लागते. दर विभाजनात नव्या चुका साठतात आणि गाठ हाताला किंवा डोळ्यांना मोठी दिसायच्या आधीच तिच्या पेशी रक्तातून बाहेर पडलेल्या असतात. ऑपरेशन आधी का नको, याचं उत्तर इथे आहे. नळीतली गाठ कापून काढता येते, यकृतात आणि लसीकागाठींत पोचलेल्या दिसणाऱ्या-न दिसणाऱ्या पेशी कापता येत नाहीत. वेगाने विभागणाऱ्या पेशींवर केमो मात्र चांगली चालते. सिस्प्लॅटिन किंवा कार्बोप्लॅटिन आणि त्याबरोबर इटोपोसाइड ही जोडी देतात. आजार छातीपुरता असेल तर जोडीला रेडिएशन. घास अडकायचा त्रास पहिल्या एक-दोन सायकलमध्येच हलका झालेला अनेक घरांनी अनुभवला आहे. पण आजार गंभीर आहे आणि पुन्हा उलटायची त्याची खोड आहे, हे तुमच्यापासून लपवणं मला योग्य वाटत नाही. पेट स्कॅनमध्ये आजार कुठवर गेलाय ते कळलं की तुमच्या कॅन्सरतज्ज्ञांना पुढचं जास्त खात्रीने सांगता येईल.

एक प्रश्न तुम्ही जरूर विचारा: छातीच्या सीटीत फुप्फुसात काही आहे का? फुप्फुसातला स्मॉल सेल शेजारच्या लसीकागाठींतून अन्ननलिकेत घुसू शकतो, आणि काचेवर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. टीटीएफ-1 नावाचा मार्कर फुप्फुसाचा म्हणून ओळखला जातो, पण स्मॉल सेलमध्ये त्याच्यावर विसंबता येत नाही, दोन्हीकडे तो पॉझिटिव्ह येऊ शकतो. फरक फक्त स्कॅन सांगतो.

तंबाखूबद्दल थोडं. हा प्रकार तंबाखू-दारूवाल्यांत जास्त दिसतो खरा, पण काहीच व्यसन नसलेल्यांतही दिसतो. वडिलांचं काय चुकलं, घरात काय चुकलं, हे शोधत बसू नका. पेशी विभागताना होणाऱ्या चुका सगळ्याच बाहेरून येत नाहीत.

तुम्ही इतर दुर्मिळ प्रकार विचारलेत. सगळेच सांगत नाही. ज्यांत नाव चुकलं तर उपचार चुकतो, त्यांच्यावर थांबते.

पहिला, मला स्वतःला सर्वांत गुंतवून ठेवणारा, कार्सिनोसार्कोमा. नळीच्या आत देठाने लोंबणारी मोठी गाठ, कधी लांबच लांब. आकार पाहून घरचे हादरतात. गंमत अशी नाही, पण दिलासा असा आहे, की ही गाठ भिंतीत खोल जाण्याऐवजी पोकळीत वाढते, त्यामुळे घास लवकर अडकतो आणि पेशंट लवकर येतो. काचेवर दोन वेगळी जगं दिसतात: एकीकडे स्क्वॅमस कॅन्सरचे पुंजके, दुसरीकडे टोकदार, चात्यांसारख्या लांबट पेशी, ज्या स्नायूंच्या किंवा जोडऊतींच्या सार्कोमात दिसतात. कार्सिनोसार्कोमा हा शब्द रुडॉल्फ विरचो यांनी एकोणिसाव्या शतकात दिला, आणि पुढे किती तरी वर्षं वाद चालला: दोन वेगळे कॅन्सर शेजारी उगवून एकमेकांत मिसळले, की एकाचीच दोन रूपं? दोन्ही भागांतले जीन तपासले तेव्हा टीपी 53 मधली तीच ती चूक दोन्हीकडे सापडायला लागली. म्हणजे मूळ पेशी एक. अस्तराच्या पेशी एकमेकींना ई-कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाने घट्ट धरून असतात. कॅन्सर झालेल्या काही पेशी हा हात सोडतात, लांबट होतात आणि एकेकट्या सरकायला लागतात. जखम भरताना आणि गर्भ घडताना पेशी हेच करतात. तीच जुनी विद्या इथे चुकीच्या जागी वापरली जाते. यातला धोका असा: चिमट्यात फक्त लांबट पेशींचा भाग आला तर रिपोर्ट 'सार्कोमा' म्हणून जातो. म्हणून लोंबणाऱ्या गाठीतून लांबट पेशी आल्या की मी अस्तराच्या पेशी ओळखणारा सायटोकेरॅटिनचा मार्कर लावल्याशिवाय सही करत नाही आणि एन्डोस्कोपी करणाऱ्या सहकाऱ्याला फोन करून देठाजवळून पुन्हा तुकडे मागते. तिथे अस्तराचा कॅन्सर लपलेला सापडायची शक्यता जास्त.

दुसरा व्हेरुकस कार्सिनोमा, चामखिळीसारखा. लॉरेन ॲकरमन यांनी 1948 मध्ये तो तोंडातल्या गाठींवरून वर्णन केला, आणि तंबाखूचा बार गालात धरणाऱ्यांमुळे आपल्याकडच्या पॅथॉलॉजिस्टना तो गालातला चांगलाच ओळखीचा आहे. अन्ननलिकेत मात्र फार क्वचित. दीर्घकाळ चालणारी जळजळ आणि साठणारं अन्न, हे त्याचं खतपाणी. त्याचा घात असा, की त्याच्या पेशी जवळजवळ शहाण्यासारख्या दिसतात. माझ्याकडे एका बाईंच्या तुकड्यांच्या तीन खेपा आल्या होत्या. त्यांना बरीच वर्षं ॲकालेशिया होता, म्हणजे अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडप सैलच पडत नाही आणि खाल्लेलं वर साठून राहतं. दुर्बिणीत पांढरी, फुलकोबीसारखी वाढ दिसत होती आणि तुकड्यांत मात्र दर वेळी नुसतं जाड झालेलं अस्तर. पहिल्या दोन रिपोर्टमध्ये 'कॅन्सर दिसत नाही' असं मीच लिहिलं. ते खोटं नव्हतं, पण अपुरं होतं. तिसऱ्या वेळी दुर्बिणीतून तो भाग मोठा सोलून काढला, तेव्हा कळलं, की जाड अस्तराचे बोथट खुंट खाली भिंतीत ढकलत गेले आहेत. वरवरच्या तुकड्यात हे दिसणं शक्यच नव्हतं. तेव्हापासून, दुर्बिणीत दिसणारं आणि काचेवरचं जुळत नसेल, तर मी रिपोर्टच्या तळाशी ते स्पष्ट लिहिते: खोल तुकडा हवा.

तिसरा मेलॅनोमा. तो अन्ननलिकेत? असं प्रत्येक जण विचारतो, कारण मेलॅनोमा त्वचेचा, उन्हाचा आजार म्हणून माहीत असतो. गर्भात असताना रंगपेशी पाठीच्या कण्याजवळच्या एका पट्टीतून निघून सगळ्या अंगभर जातात. बहुतेक त्वचेत पोचतात, काही वाटेत दुसरीकडेच राहतात. 1963 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शवविच्छेदनाच्या अभ्यासात शंभर अन्ननलिकांपैकी चारांत अशा पेशी सापडल्या होत्या. त्यांचा इथे काही उपयोग नाही, अपायही नाही, पण क्वचित त्यांच्यातलीच एखादी बिघडते. ऊन इथे पोचत नाही, म्हणजे कारण उन्हाचं नाही, आणि त्वचेच्या मेलॅनोमात वारंवार सापडणारा बीआरएएफ जीनमधला बदल इथे कमी सापडतो. नळीच्या मधल्या किंवा खालच्या भागात काळसर, मऊ गाठ दिसते. काही गाठींत रंगच नसतो आणि मग त्या मार्कर लावेपर्यंत दुसऱ्याच कुठल्या तरी कॅन्सरच्या नावाखाली खपतात. असं निदान झालं की पेशंटचं सगळं अंग तपासायला हवं: तळपाय, नखांखालची जागा, डोळे, गुदद्वार. आपल्या लोकांत मेलॅनोमा तळपायाला आणि नखाखाली होतो आणि शेतात अनवाणी चालणाऱ्या माणसाच्या टाचेवरचा काळा डाग कुणी मनावर घेत नाही. तिथून तो अन्ननलिकेत आलेला असू शकतो.

चौथी बाब स्नायूंच्या थरातली. इथल्या बहुतेक गाठी लायोमायोमा असतात, साध्या, कॅन्सर नसलेल्या. जठरात नेमकं उलटं असतं, तिथे जिस्ट नावाची, पचनमार्गाच्या भिंतीतलीच, पण वेगळ्या पेशींची गाठ जास्त. कारण जिस्ट ज्या पेशींतून उगवतो, त्या आतड्याला आकुंचनाचा ताल देणाऱ्या काहालच्या पेशी. त्यांच्यातल्या किट नावाच्या जीनमधला बदल सेइइची हिरोता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जपानमध्ये 1998 मध्ये दाखवला. या बदलाने पेशीचं वाढीचं बटण दाबलेलंच राहतं. ते बंद करणारी इमॅटिनिबची गोळी 2002 मध्ये अमेरिकेत जिस्टसाठी मान्य झाली आणि तोवर केमोला दाद न देणारा हा आजार गोळीने आटोक्यात यायला लागला. म्हणून लायोमायोमा, त्याचा घातक भाऊ लायोमायोसार्कोमा आणि जिस्ट यांत गफलत परवडत नाही. दिसायला तिन्ही लांबट पेशींचे. सीडी 117 आणि डॉग-1 पॉझिटिव्ह असेल तर जिस्ट, डेस्मिन पॉझिटिव्ह असेल तर स्नायू. या गाठींवरचं अस्तर धडधाकट असतं, त्यामुळे साध्या चिमट्याच्या तुकड्यात 'नॉर्मल' येतं. सोनोग्राफी बसवलेल्या दुर्बिणीतून सुई घालून नमुना घ्यावा लागतो.

अस्तराखालच्या बारीक ग्रंथींतून लाळग्रंथीसारखे कॅन्सर होतात, ॲडेनॉइड सिस्टिक आणि म्युकोएपिडरमॉइड. लिम्फोमा होतो, बहुतेकदा शेजारच्या लसीकागाठींतून आत आलेला. आणि स्तनाचा जुना कॅन्सर कित्येक वर्षांनी अन्ननलिकेभोवतीच्या लसीकागाठींत उगवून तिला बाहेरून आवळतो, तेव्हा अस्तर पुन्हा नॉर्मलच दिसतं. असे पेशंट आले तर पूर्वी झालेलं स्तनाचं ऑपरेशन फॉर्मवर लिहिलेलं असावं, एवढीच माझी विनंती.

आणखी एक गट आहे. त्यात कॅन्सर रोजचाच, स्क्वॅमस, पण तिथवरची वाट दुर्मिळ. हा मला महत्त्वाचा वाटतो, कारण इथे आधी काही करता येतं. तरुणपणी ॲसिड किंवा कॉस्टिक पोटात गेलेली माणसं. जीव वाचतो, अन्ननलिका भाजून आकसते, मग वर्षानुवर्षं नळी रुंद करून घ्यायला येत राहतात. पुढे संसार, मुलं, आणि खाणं पातळ ठेवलं की भागतं म्हणून येणं बंद होतं. मी पाहिलेल्या एका बाई अशाच, पन्नाशी ओलांडलेल्या. घास पुन्हा अडकायला लागला, तर 'जुनंच दुखणं' म्हणून त्यांनी सात महिने काढले. भाकरी दुधात कुस्करून, मग पेज, मग नुसता चहा. व्रणाच्या जागी कॅन्सर झाला होता. भाजल्यानंतर असा कॅन्सर व्हायला तीस-चाळीस वर्षंही लागतात. व्रणातल्या पेशी दुरुस्तीसाठी आयुष्यभर जास्त विभागत राहतात आणि तितकीच वर्षं चुका साठत जातात. म्हणून ॲसिड गेल्यावर 15-20 वर्षांनी, त्रास असो वा नसो, ठरावीक काळाने दुर्बिणीची तपासणी सुरू करावी असा सल्ला आहे. आपल्याकडे तो या माणसांपर्यंत पोचतच नाही. ज्या दुःखाने ते ॲसिड घेतलं गेलं त्याबद्दल घरात कुणी बोलत नाही आणि डॉक्टरलाही सांगत नाही. ॲकालेशियाच्या पेशंटनाही वर्षं उलटल्यावर हा धोका असतो. वर्षानुवर्षं अंगात लोह कमी असलेल्या बायकांत अन्ननलिकेच्या वरच्या टोकाला पातळ पडदे येतात, गिळायला त्रास होतो, जीभ गुळगुळीत आणि लाल होते. याला प्लमर-व्हिन्सन सिंड्रोम म्हणतात आणि त्यातून घशाच्या तळाशी किंवा अन्ननलिकेच्या सुरुवातीला कॅन्सर होऊ शकतो. गोळी गिळता येत नाही म्हणून लोहाची गोळी टाळणारी बाई तुमच्या ओळखीत असेल, तर तिला दुर्बिणीसाठी पाठवा.

आता वडिलांसाठी पुढचं काम. हॉस्पिटलमधून स्लाइड आणि पॅराफिनचे ब्लॉक (मेणात बसवून ठेवलेला मूळ तुकडा), दोन्ही मागा. नुसत्या स्लाइडवर नवे मार्कर लावता येत नाहीत, त्यासाठी ब्लॉकमधून तीन-चार मायक्रॉनचा नवा काप घ्यावा लागतो. ब्लॉक मेणाचा असतो, उन्हाळ्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलात तर मऊ होऊन बिघडेल, सावलीत आणि हातातल्या पिशवीत न्या. जिथे पोटाचे तुकडे रोज बघणारा पॅथॉलॉजिस्ट आहे तिथे दुसरं मत घ्या. मुंबईचं टाटा किंवा तुमच्या जवळचं एखादं मोठं कॅन्सर सेंटर. त्यांना तीन गोष्टी विचारा: स्मॉल सेलचं निदान मार्करने पक्कं झालंय का, जोडीला स्क्वॅमस भाग दिसतो का, आणि लिम्फोमा नाही याची खात्री झाली का. पुन्हा तुकडा काढायची वेळ आली, तर तो फॉर्मॅलिनच्या बाटलीत गेला ना, एवढं स्वतः पाहा. एका छोट्या हॉस्पिटलातून माझ्याकडे रात्रभर सलाइनमध्ये राहिलेला तुकडा आला होता. पेशी विरघळल्यासारख्या झाल्या होत्या आणि त्या पेशंटला सगळं पुन्हा करावं लागलं. मात्र दुसऱ्या मतासाठी केमो आठवडेच्या आठवडे लांबवू नका, दोन्ही एकाच वेळी चालू देता येतं. वडिलांचं वजन दर आठवड्याला लिहून ठेवा. गिळणं फारच कमी झालं असेल तर केमोच्या आधी नाकातून बारीक नळी घालून पोषण सुरू करता येईल का ते विचारा. अशक्त शरीराला केमोचा पूर्ण डोस झेपत नाही.

शेवटी भावंडांचं. स्मॉल सेल घराण्यात उतरतो असं दिसलेलं नाही. अन्ननलिकेचा जो कॅन्सर खरोखर रक्तातून उतरतो त्याचं नाव टायलोसिसशी जोडलेलं आहे. लिव्हरपूलच्या दोन घराण्यांत लहानपणापासून तळहात-तळपायांची कातडी जाड पिवळट होणारी माणसं होती. हॉवेल-इव्हान्स आणि सहकाऱ्यांनी 1958 मध्ये त्यांची नोंद केली: अशी कातडी असलेल्या 48 जणांपैकी 18 जणांना अन्ननलिकेचा कॅन्सर झाला होता. त्यामागचा आरएचबीडीएफ 2 हा जीन 2012 मध्ये सापडला. नांगर-कुदळीने पडलेले घट्टे वेगळे, ते काम सोडलं की मऊ पडतात. तुमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कुणाच्या तळव्यांची कातडी लहानपणापासून तशी जाड नसेल, तर तुम्हा भावंडांना या कारणासाठी दुर्बिणीची तपासणी करून घ्यायची गरज नाही. ब्लॉक मात्र उद्याच मागून घ्या.